बारा वर्षांच्या मुलीसाठी जरा अवघड अद्भुत कादंबरी सुचवा

पानखूण · ८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. लेक बारा वर्षांची, सातवीत, इंग्रजी माध्यमात. जादूच्या शाळेची ती सात पुस्तकं तिची तीनदा वाचून झाली. त्याच चवीच्या आणखी तीन-चार मालिकाही संपल्या. वाचते अगदी भराभरा. दिवाळीच्या सुट्टीत साडेतीनशे पानांचं एक पुस्तक दोन दिवसांत उरकलं. आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "काय होतं गं त्यात?" तर म्हणाली, "नेहमीचंच. एक मुलगा असतो, तो खास आहे असं त्याला कळतं, मग लढाई होते." रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला म्हणाली, "आई, मला पुढचं आधीच कळतं. जे लगेच कळणार नाही असं काहीतरी दे ना."

हे ऐकून मी इतकी हरखले की दुसऱ्याच दिवशी चूक केली. माझ्या कॉलेजच्या काळातलं लॉर्ड ऑफ द रिंग्ज कपाटात होतं, तेच तिच्या हातात ठेवलं. ती शहाण्या मुलीसारखी पहिल्या पानापासून सुरू झाली, म्हणजे प्रस्तावनेपासून. हॉबिट लोकांच्या चालीरीती, त्यांची बिळं, त्यांची तंबाखू. चार दिवसांनी पुस्तक होतं तिथे परत गेलं आणि ती म्हणाली, "मला नाही जमत." वाचनाबद्दल हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. फार वाईट वाटलं.

तर सांगा, काय देऊ? इंग्रजी आणि हिंदी दोन्ही चालेल. मराठी तिला सगळं समजतं, पण वाचायला वेळ लागतो. दहा भागांची मालिका नको, एकच नीट पुस्तक हवं. आणि "अवघड" म्हणजे नेमकं काय बघायचं, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

तळटीप · ८ नोव्हेंबर

सगळ्यात आधी तिला सांगा की ती प्रस्तावना भलेभले मोठे लोकही सोडून देतात. पुस्तक तिला जमलं नाही असं नाही, ती चुकीच्या दारातून आत गेली एवढंच. तो ग्रंथ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आला. त्याआधी १९३७ मध्ये त्याच लेखकाचं हॉबिट आलं होतं आणि ते मुलांसाठीच लिहिलेलं आहे. तिथून सुरुवात करा.

त्या पुस्तकाची एक हकीकत इथे उपयोगी पडेल. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हॉबिटचं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. त्याने त्यावर छोटा अभिप्राय लिहून दिला आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. तुम्हीही तसंच करा. आपण मोठ्यांनी एक पुस्तक ठरवून हातात कोंबण्यापेक्षा तीन पुस्तकांची फक्त पहिली प्रकरणं तिला वाचू द्या आणि लेखी मत मागा. मानधन द्यायला विसरू नका.

साधा_वाचक · ९ नोव्हेंबर

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मूल वाचतंय हेच आजकाल पुष्कळ आहे. अवघड द्यायचा अट्टहास कशाला? माझ्या मुलाला आम्ही "चांगलं" काही द्यायला गेलो आणि त्याचं वाचनच सुटलं. गेली दोन वर्षं त्याने पुस्तक हातात घेतलेलं नाही. मला त्याची अजून रुखरुख आहे. सोपं असलं तरी वाचू दे.

पानखूण · ९ नोव्हेंबर

साधा_वाचक, राग कसला, तुमची भीती मलाही आहे. म्हणून तर विचारायला आले. पण इथे मागणी तिची आहे. मी फक्त पुरवठा करतेय. तिने मागितलं नसतं तर मी जादूच्या शाळेची पुस्तकं चौथ्यांदाही वाचू दिली असती.

तळटीप, शिलिंगाची गोष्ट तिला सांगितली. मानधन एका प्रकरणाला वीस रुपये ठरलं आहे.

सुदामानगरकर · ९ नोव्हेंबर

पोरी, इंदुरात राहून इंग्रजीच्या मागे कुठे धावतेस? आपल्या मुलांना हिंदी आयती येते, तिचा उपयोग कर. देवकीनंदन खत्रींची चंद्रकांता दे. १८८८ चं पुस्तक आहे, पण आजही हातचं सोडवत नाही. नौगढ, विजयगढ, चुनार, तिलिस्म म्हणजे कोड्यांनी बंद केलेली मायावी वास्तू, आणि ऐयार. ऐयार म्हणजे वेष पालटणारे, बेशुद्ध करणारे, कमरेच्या बटव्यात सगळी सामग्री बाळगणारे हेर. बेशुद्धाला शुद्धीवर आणायला लखलखा हुंगवतात. आणि ऐयाराने ऐयाराला जिवे मारायचं नाही, हा त्यांचा धर्म. चपला नावाची मुलगी त्यात काय ऐयारी करते ते तुझ्या लेकीला आवडेल. केवळ हे पुस्तक वाचता यावं म्हणून त्या काळी लोक हिंदी शिकले, असं सांगतात. खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. ते किल्ले, ती खोरी त्यांनी पायाखाली घातलेली होती, म्हणून तिलिस्म खोटं वाटत नाही.

अवघड कुठे? एक तर भाषा. उर्दू शब्द पुष्कळ, प्रकरणालासुद्धा "बयान" म्हटलंय. आणि दुसरं, कोण कोणाच्या वेषात आहे हे पाच पानं लक्ष दिलं नाही तर हातातून निसटतं. मी शाळेत हिंदी शिकवत होतो तेव्हा वर्गात पहिलं बयान मोठ्याने वाचायचो आणि नेमकं ऐन जागी थांबायचो. मधल्या सुट्टीत मुलं वाचनालयात रांग लावायची.

आणि अद्भुताचं म्हणशील तर उज्जैन आपल्यापासून तासा-दीड तासावर. विक्रम-वेताळ ह्याच मातीतला. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न आणि उत्तर दिलं की वेताळ पुन्हा झाडावर. शेवटच्या कोड्याला राजा गप्प राहतो, कारण त्याला उत्तर येत नाही. मुलाला "कळणार नाही असं" हवं असेल तर ह्याहून जुना नमुना कोणता?

निळीशाई · १० नोव्हेंबर

सुदामानगरकर काका, चंद्रकांतेसाठी तुम्हाला नमस्कार. मी तिलिस्मच्या नादात परीक्षेचा अभ्यास बुडवला होता.

पानखूण, "अवघड म्हणजे काय" ह्या तुमच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते. मी बारा वर्षं मुलांचं वाचनालय चालवतेय (मोठं नाही, घराच्या गॅलरीत चार कपाटं) आणि हा प्रश्न दर आठवड्याला समोर येतो.

पुष्कळजण पाच बोटांची युक्ती सांगतात. मधलंच एक पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाचही बोटं मोडली तर पुस्तक जड. लहान मुलांना ती ठीक आहे. पण तुमच्या लेकीच्या वयाला ती फसवते, कारण शब्द हा अवघडपणाचा सगळ्यात वरचा थर. हॉबिटमध्ये जुने शब्द आणि गाणी भरपूर, तरी गोष्ट सरळ वाटेने जाते. घरातून निघायचं, डोंगरापर्यंत जायचं, परत यायचं. उलट काही पुस्तकांत एकही शब्द अडत नाही आणि तरी मूल दोन पानांवर थबकतं, कारण लेखक सगळं सांगत नाही. काय घडलं ते सांगतो. ते बरोबर की चूक, हे वाचणाऱ्यावर सोडतो. तुमच्या लेकीने मागितलंय ते हे दुसरं अवघड आहे, असं मला तिच्या वाक्यावरून वाटतं. शब्दांची तिची तक्रारच नाही.

त्यासाठी माझ्या मनात एकच नाव येतं. अर्सुला ले ग्विन यांचं अ विझर्ड ऑफ अर्थसी. १९६८ चं पुस्तक, दहा प्रकरणं, साधारण दोनशे पानं. बेटांचं जग आहे, सुरुवातीला नकाशा आहे. शेळ्या राखणारा एक पोर, अंगात जबर शक्ती आणि त्याहून जबर गर्व. जादूची शाळा ह्यातही आहे, म्हणजे तुमच्या लेकीला ओळखीचा उंबरठा मिळेल. पण त्या शाळेत शिकवण ही, की एक दिवा लावलात तरी कुठेतरी सावली पडते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कल्पना येईल. हा मुलगा ओगियन नावाच्या मोठ्या जादूगाराचा शिष्य होतो. त्याला वाटतं, आता विद्या मिळणार. दोघं डोंगरातून चालत राहतात आणि गुरू काहीच शिकवत नाही. पाऊस येतो. गावचा साधा मांत्रिकसुद्धा ढग परतवू शकतो, आणि हा एवढा मोठा माणूस काय करतो? झाडाखाली निजतो आणि पाऊस पडू देतो. मुलगा भिजत, चिडत झुडपात पडून राहतो. त्याला कळत नाही, वापरायचीच नाही तर ही शक्ती काय कामाची? लेखिका उत्तर देत नाही, पुढे जाते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने ह्या पानावर मला विचारलं होतं, "ताई, तो गुरू खरंच मोठा आहे की नुसता गप्प?" मी त्याला म्हटलं, तुला काय वाटतं ते पुस्तक संपल्यावर सांग. पुस्तकाचा अवघडपणा तो इथे आहे.

आणखी एक. ह्यातला नायक तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे. कितीतरी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर तो गोरा रंगवला गेला आणि लेखिकेला त्याचं वाईट वाटत असे. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगा.

रानजाई · १० नोव्हेंबर

निळीशाई, पुस्तक सुंदर आहे, शंका नाही. पण एका मुलीला देताना माझं मन अडतं. पहिल्याच प्रकरणात बायकांची जादू म्हणजे दुबळी, बायकांची जादू म्हणजे दुष्ट अशा अर्थाच्या दोन म्हणी आहेत आणि लेखिका त्यांच्यावर काहीही न बोलता पुढे जाते. शाळेत सगळे मुलगे. बारा वर्षांच्या मुलीने हे का गिळायचं?

त्यापेक्षा रिचर्ड ॲडम्स यांचं वॉटरशिप डाउन बघा, १९७२ चं. सशांची गोष्ट आहे म्हणून लहानांचं समजू नका. आपलं बीळ उजाडणार हे एका अशक्त सशाला आधी कळतं, आणि मूठभर ससे घर सोडून निघतात. सशांना त्यांची भाषा आहे, त्यांच्या पुराणकथा आहेत. चारच्या पुढे त्यांना मोजता येत नाही, त्यापुढचं सगळं "पुष्कळ". ॲडम्स यांनी ही गोष्ट आधी आपल्या दोन मुलींना गाडीतून लांबच्या प्रवासात तोंडी सांगितली होती. जाडजूड आहे, पन्नास प्रकरणं, आणि काही प्रसंग रक्ताळलेले आहेत. एक ससा तारेच्या फासात अडकतो ते पान मी माझ्या भाचीबरोबर बसून वाचलं, एकटीला वाचू दिलं नाही.

निळीशाई · १० नोव्हेंबर

रानजाई, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, तो खरा आहे. लेखिकेलाही तो पुढे टोचला. मालिकेचं दुसरं पुस्तक, १९७१ चं, एका मुलीचंच आहे. लहानपणीच घरातून उचलून नेऊन, तिचं नाव काढून घेऊन, तिला अंधाऱ्या देवळाची पुजारीण केलेलं असतं. आणि १९९० च्या चौथ्या पुस्तकात, तेहानूत, तिने ह्या जगातल्या बायकांकडे नव्याने बघितलं. तेहानू मात्र बारा वर्षांच्या मुलीला आत्ता देऊ नका. त्यात भाजलेली, छळ सोसलेली एक लहान मुलगी आहे. ते पंधरा-सोळाव्या वर्षी.

पण त्या म्हणी गिळायला लावू नका, तिथेच थांबू द्या तिला.

बडोद्याची_मावशी · ११ नोव्हेंबर

तळटीप यांची तीन प्रकरणांची कल्पना मला फार पटली. आमच्या बडोद्यात मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आहे, सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून उभं केलेलं. तिथे कपाटांच्या मधल्या मजल्यांना काचेची जमीन आहे. लहानपणी वडिलांचं बोट धरून गेले की वरून कोणाची तरी सावली चालताना दिसायची, ते मला कुठल्याही परीकथेहून अद्भुत वाटायचं. सांगायचं हे की मुलीला घेऊन कपाटापुढे उभ्या राहा. पुस्तकाचं वजन, अक्षराचा आकार, पहिल्या पानाची पहिली ओळ, हे सगळं तिलाच ठरवू दे.

माझी भर: मिखाएल एंडे यांचं नेव्हरएंडिंग स्टोरी, मूळ जर्मन, १९७९ चं. इंग्रजी भाषांतर चांगलं आहे. सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर ए ते झेड क्रमाने. दोन रंगांच्या शाईत छापलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, कारण आपलं जग कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं हे त्या रंगांवरून कळतं. पूर्वार्ध धावता आहे, उत्तरार्धात मुलगा हळूहळू स्वतःला विसरत जातो, तो भाग जड जातो. सिनेमा बघितला असेल तर सांगा, त्यात पूर्वार्धच आहे.

तळटीप · ११ नोव्हेंबर

एक व्यावहारिक सूचना राहिली. खजुरी बाजारात किंवा ऑनलाइन घेताना "संक्षिप्त" किंवा "सुलभ रूपांतर" असं बारीक अक्षरात लिहिलंय का ते बघा. अशा पुस्तकात गोष्ट शिल्लक राहते आणि नेमकं तुमच्या लेकीला हवं ते निघून जातं. पाऊस पडू देणारा गुरू संक्षिप्त आवृत्तीत पहिला वगळला जाईल.

पानखूण · २३ नोव्हेंबर

उशीर झाला, सहामाहीचे पेपर होते. परीक्षेचा निकाल कळवते (पुस्तकांच्या परीक्षेचा!).

हॉबिट घरात होतं. अर्थसी खजुरी बाजारात जुन्यात मिळालं, पाठीचा कणा थोडा उसवलेला, पण पानं पूर्ण. वॉटरशिप डाउन एका मैत्रिणीकडून आणलं. लेकीने तीनही पहिली प्रकरणं वाचून वहीच्या पानावर मत लिहून दिलं. तिच्याच शब्दांचा मराठी गोषवारा देते.

हॉबिट: "मजा आहे. पण सांगणारे काका मला मधेमधे समजावतात. मी आठ वर्षांची असते तर आवडलं असतं."

वॉटरशिप डाउन: "शेतात एक पाटी लावलेली आहे. सशांना ती वाचता येत नाही, मला येते. त्यामुळे मला त्यांची भीती वाटायला लागली. हे नंतर नक्की वाचणार."

अर्थसी: "धुकं."

एवढंच. पहिल्या प्रकरणात तो पोर धुकं बोलावून आपलं गाव लुटारूंपासून लपवतो, आणि मग स्वतःच दिवसच्या दिवस मुका, सुन्न पडून राहतो. मी विचारलं, अगं, मत कुठे? तर म्हणाली, "गाव वाचलं, पण तो आजारी का पडला ते नीट सांगितलंच नाही. मला वाटतं पुढेपण नाही सांगणार. हेच घेते." साठ रुपये देऊन टाकले.

आणि रानजाई, त्या दोन म्हणींखाली तिने पेन्सिलने रेघ मारून समासात "का?" असं लिहिलं आहे. मी खोडू दिलं नाही.

रानजाई · २३ नोव्हेंबर

त्या "का?"साठी माझ्याकडून तिला आणखी वीस रुपये. मी विरोध मागे घेते.

साधा_वाचक · २४ नोव्हेंबर

सशांची पाटी वाचून मला माझा मुलगा आठवला. तो असंच काहीतरी बोलायचा. वॉटरशिप डाउन मागवलं आहे. देणार नाही, नुसतं टेबलावर ठेवणार आहे.

पानखूण · ७ डिसेंबर

पुन्हा मदत हवी आहे. (पुढे थोडा कथाभाग उघड होतो, ज्यांना नको त्यांनी सोडून द्या.)

आधी काय चाललंय ते सांगते. तिचं वाचन एकदम हळू झालंय. दोन दिवसांत साडेतीनशे पानं वाचणारी मुलगी दिवसाला सहा-सात पानं वाचतेय. पहिल्या आठवड्यात शब्दकोश घेऊन बसली होती. "ओटक" शब्द शोधून शोधून रडकुंडीला आली. मग लक्षात आलं की तो त्या बेटांवरचा, लेखिकेने निर्माण केलेला छोटा केसाळ प्राणी आहे, कोशात सापडणार कसा? त्यानंतर आमचं ठरलं, शब्द अडला तर पान संपेपर्यंत थांबायचं नाही. बहुतेक वेळा पान संपता संपता कळतं.

संध्याकाळी आजी मटार सोलायला बसल्या की ती शेजारी बसून त्या दिवशीचं वाचलेलं मराठीत सांगते. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. सांगताना तिला शब्द हुडकावे लागतात, आणि आजी मधेच असं काही विचारतात की ती पुस्तकाकडे धावते. परवा खऱ्या नावाचं प्रकरण निघालं. त्या जगात प्रत्येकाचं एक रोजचं नाव आणि एक खरं नाव असतं. तेराव्या वर्षी गुरू ते कानात सांगतो, आणि जिवापाड विश्वास असेल त्यालाच ते सांगायचं, कारण नाव कळलं की माणूस ताब्यात येतो. लेक म्हणाली, "आजी, हे थोडं विचित्र आहे ना?" आजींनी शेंग सोलता सोलता म्हटलं, "विचित्र काय त्यात? बारशाला आत्या कुर्र करून कानातच नाव सांगते. आणि नावरस नाव पत्रिकेत असतं, ते चारचौघांत कोणी घेतं का?" लेक बघतच राहिली. बेटांवरची ती जादू तिच्या स्वतःच्या पाळण्यापाशी येऊन पोचली होती.

आता अडचण. परवा चौथं प्रकरण झालं. ईर्ष्येपोटी तो पोर जे करायला नको ते करून बसतो, आणि अंधारातून एक सावली बाहेर येते. त्या रात्री ती आजीजवळ झोपली. सकाळी बघितलं तर पुस्तक कपाटात उलटं, कणा भिंतीकडे करून ठेवलेलं. तीन दिवस झाले, हात लावलेला नाही. सांगतही नाही काही. मी काय करू? पुढे वाच म्हणू? शेवट सांगून भीती घालवू? की साधा_वाचक म्हणाले तसं होऊ घातलंय?

साधा_वाचक · ७ डिसेंबर

नाही, तसं नाही. माझ्या मुलाने पुस्तक कंटाळून टाकलं होतं. तुमच्या मुलीने भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. फरक आहे.

निळीशाई · ७ डिसेंबर

शेवट अजिबात सांगू नका. तुम्ही सांगितलात तर सावली तिची राहणार नाही, तुमची होईल. आणि वाच असंही म्हणू नका.

तिने ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलंय का, एवढं मात्र हळूच बघा. त्याच्या शेवटच्या पानांत, सगळी शक्ती आणि सगळा तोरा गेल्यावर, चेहऱ्यावर व्रण घेऊन तो पोर उभा असतो. तेव्हा त्याचा मित्र त्याला न मागता स्वतःचं खरं नाव सांगतो. भीतीनंतर लगेच ते पान आहे. मुलं घाबरून त्याच्या आधीच पुस्तक मिटतात.

सुदामानगरकर · ८ डिसेंबर

आजीबाईंना वाचून दाखवायला सांग तिला. शेवटची तीन-चार पानं. भीती मोठ्याने वाचली की अर्धी राहते, आणि ऐकणारं माणूस शेजारी असलं की तीही उरत नाही. मी चाळीस वर्षं हेच केलं.

पानखूण · २१ डिसेंबर

निळीशाई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. ती सावलीपाशीच थांबली होती, पुढची पानं वाचलीच नव्हती. मी काही बोलले नाही. सासूबाईंनीच शनिवारी विषय काढला. "तुझा तो शेळ्यावाला पोर जगला की मेला, एवढं तरी सांग. मला झोप नाही." त्यांना खरंच झोप नव्हती. चार दिवस त्या मला विचारत होत्या.

लेकीने पुस्तक काढलं आणि वाचायला बसली. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, तिथून ऐकू येत होतं. मित्र नाव सांगतो तिथे आली आणि थांबली. मला वाटलं शब्द अडला. बाहेर येऊन बघितलं तर डोळे भरले होते. आजींनी विचारलं, "वाईट झालं का काही?" तर म्हणाली, "नाही गं. त्याने नाव सांगितलं. त्याला आता कोणी विचारत नाही, तरी सांगितलं."

पुढची सहा प्रकरणं अशीच झाली, रोज थोडी, दोघींची मिळून. काल संपलं. शेवटी काय होतं ते इथे लिहीत नाही. शेवटची ओळ वाचून तिने पुस्तक मिटलं आणि पुन्हा चौथं प्रकरण उघडून काहीतरी शोधत बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, "तेव्हाच सांगितलं होतं. मला दिसलं नव्हतं."

निळीशाई · २१ डिसेंबर

मला हे वाचून खूप आनंद झाला. तिला विचारा, तो गुरू मोठा आहे की नुसता गप्प?

पानखूण · २२ डिसेंबर

विचारलं. "आधी वाटलं होतं गप्प. पण तो पोर परत गेला तेव्हा गुरूने त्याला ओळखलं ना, पक्षी होऊन गेला होता तरी." एवढंच म्हणाली.

बडोद्याची_मावशी · २२ डिसेंबर

आता पुढे काय? आजी तयार झाल्याच आहेत तर मराठीतलं काही घ्या. नाथमाधवांचं वीरधवल आजींनी मोठ्याने वाचावं आणि लेकीने ऐकावं, म्हणजे उलट फेरा.

पानखूण · २३ डिसेंबर

मावशी, आजींना ही कल्पना इतकी आवडली की महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयात चौकशी करायला त्यांनी ह्यांना आजच पिटाळलं. लेकीला मात्र आधी त्या पुजारीण मुलीचं पुस्तक हवंय, नाव काढून घेतलेल्या. रविवारी पुन्हा खजुरी बाजार. सुदामानगरकर काका, चंद्रकांता मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवली आहे, पहिलं बयान तुमच्यासारखं मीच वाचणार.

एक सांगायचं राहिलं. परवा रात्री लेकीने आजींना विचारलं, "तुझं खरं नाव कोणतं गं?" आजी म्हणाल्या, "कोणतं सांगू? माहेरचं एक होतं. लग्नात तांदळात अंगठीने दुसरं लिहिलं, ते तुम्ही सगळे घेता. आणि एक नावरस." माहेरचं नाव आम्हाला ठाऊक आहे, जुन्या पत्रांवर बघितलेलं. पण घरात ते कोणी कधी उच्चारलेलं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. लेक म्हणाली, "तिसरं." आजींनी दिवा मालवला, तिला जवळ ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

मी दाराशीच होते. मला ऐकू आलं नाही, आणि लेक सांगत नाही.